अकरा वर्षांचा ओरांडा आणि ‘वय झालं’ हे निदान: पुण्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीतलं घर, आजी-आजोबा दोघंच. दिवाणखान्यात तीन फुटी काचेची टाकी: ९० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद, पाणी ३० सेंमी. खडी वगळता साधारण ७५ लिटर पाणी. त्यात एकच मासा, अकरा वर्षांचा लाल-पांढरा, ओरांडा जातीचा गोल्डफिश, वजन अंदाजे १८० ग्रॅम. खडीखाली प्लेट असलेला जुन्या पद्धतीचा फिल्टर, एक एअर पंप, वर झाकण आणि ट्यूब. नातू शाळेत असताना हट्टाने आणलेला मासा नातू नोकरीला लागल्यावर आजोबांकडे आला, ही पुण्यातल्या निम्म्या टाक्यांची गोष्ट आहे.

ओरांडा, र्‍युकिन, फॅनटेल असे गुबगुबीत गोल्डफिश नीट सांभाळले तर १० ते १५ वर्षं जगतात. लांबट, साधे गोल्डफिश त्याहून जास्त. म्हणजे अकराव्या वर्षी हा मासा म्हातारा नक्कीच होता. पण ‘आता जायचाच’ म्हणावं इतका नव्हता, आणि या प्रकरणातली जवळजवळ प्रत्येक चूक हा फरक न केल्यामुळे झाली.

काय दिसत होतं

फेब्रुवारीच्या शेवटी आजोबांनी आम्हाला सांगितलेली लक्षणं अशी: दिवसाचा बराच वेळ मासा कोपऱ्यात तळाशी बसून, मधूनच वर येऊन पाठ पाण्याबाहेर काढून तिरपा तरंगतो, पर मिटलेले, दोन्ही डोळे धुरकट, डोक्यावरच्या मांसल टोपावर पांढरे ठिपके, खाणं निम्म्यावर. शेजाऱ्यांचं मत, “वय झालं त्याचं, सारसबागेच्या तळ्यात सोडून द्या.” दुकानदाराचं मत, बुरशी. त्याने दिलेले निळ्या औषधाचे थेंब चार दिवस टाकीत पडले होते आणि पाणी अजून निळसर होतं.

तळ्यात सोडणं हा पर्यायच नाही, हे आधी सांगून टाकायला हवं. गोल्डफिश इथला नाही. टाकीतले परजीवी आणि जंतू तळ्यात जातात, आणि टाकीत एका जागी वाढलेला आजारी मासा तिथे फार काळ तगत नाही.

पांढऱ्या ठिपक्यांचा प्रश्न लगेच सुटला. टोप वाढत असताना त्यावर पांढरट फुटकुळ्या येतात आणि त्या फक्त टोपावरच असतात. परजीवीचा पांढरा ठिपक्यांचा रोग असता तर मिठाच्या कणांएवढे ठिपके परांवर आणि अंगावरही दिसले असते, आणि मासा खडीला अंग घासत राहिला असता. इथे तसं काही नव्हतं.

मोजमाप

टाकीचं पाणी आजवर एकदाही तपासलेलं नव्हतं. थेंबांचं किट मागवलं. पट्ट्यांच्या स्वस्त किटमध्ये बहुधा अमोनियाची, म्हणजे माशाच्या उत्सर्जनातून पाण्यात साठणाऱ्या विषाची, तपासणीच नसते, आणि इथे तोच पाहायचा होता.

टाकीत पीएच ६.०, म्हणजे किटचा सगळ्यात खालचा रंग. प्रत्यक्षात त्याहूनही कमी असू शकतो. केएच, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद: पहिल्याच थेंबाला रंग बदलला, म्हणून १ च्या आत. एकूण अमोनिया ८ मिलिग्रॅम प्रति लिटर, किटचा सगळ्यात वरचा रंग. नायट्राइट नगण्य, नायट्रेट १६० च्या पुढे. तापमान २५ अंश.

सोसायटीच्या नळाचं पाणी वेगळंच निघालं: पीएच ७.८, केएच ७, अमोनिया शून्य. सोसायटीच्या टाकीत महापालिकेच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतं, म्हणून केएच चांगला. मग टाकीतलं पाणी इतकं आम्ल कसं झालं?

उत्तर स्वयंपाकघरात होतं. मागच्या पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, क्लोरीनचा वासही वाढला. तेव्हापासून आजी माशाला ‘चांगलं पाणी’ म्हणून प्युरिफायरचं आरओ पाणी घालू लागल्या. आधी दर आठवड्याला २० लिटर नळाचं पाणी बदललं जायचं. त्याऐवजी आता फक्त आटलेलं पाणी आरओने भरलं जात होतं.

आरओच्या पाण्यात केएच जवळपास नसतो. खडीतले जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे केएच, खाऊन टाकतात. या टाकीत रोज दीड ग्रॅम खाद्य पडत होतं, त्यातून साधारण ४५ मिलिग्रॅम नायट्रोजन सुटतं. कागदावरच्या हिशेबाने ७५ लिटरच्या टाकीतला ७ केएच महिन्याभरात संपतो. प्रत्यक्षात थोडं सावकाश होतं, कारण गाळात क्षारता परत देणारी प्रक्रियाही चालते. केएच संपला की पीएच घसरतो, पीएच ६.५ च्या खाली गेला की हे जीवाणू मंदावतात, आणि अमोनिया साठू लागतो. त्यात निळ्या औषधाने, म्हणजे मिथिलीन ब्लूने, उरल्यासुरल्या जीवाणूंपैकीही बरेच मारले.

म्हणजे माशाच्या म्हातारपणासारखी दिसणारी निम्मी लक्षणं पाण्याची होती.

पहिला निर्णय: किती पाणी बदलायचं

कोणीही शहाणा माणूस म्हणेल, इतकं घाण पाणी आहे तर सगळं बदला. या टाकीत तेच सर्वांत धोक्याचं होतं.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पीएच चढला की विषारी रूप वाढतं, आणि तेही दर एका अंकाला सुमारे दहापट. २५ अंशांना पीएच ६ वर एकूण अमोनियाच्या ०.०६ टक्क्याहून कमी भाग विषारी असतो. पीएच ७ वर ०.६ टक्के, पीएच ८ वर ५ टक्क्यांहून जास्त. या टाकीत ८ मिलिग्रॅम असूनही विषारी भाग ०.००५ मिलिग्रॅमच्या आसपास होता. म्हणूनच मासा जिवंत होता. सतत सोसण्याची मर्यादा साधारण ०.०२ मिलिग्रॅम धरतात.

यावर तीन पर्याय होते.

दुकानदाराने सुचवलेलं ‘पीएच वाढवायचं औषध’ किंवा खायचा सोडा. पीएच थेट ८ वर गेला असता तर विषारी अमोनिया ०.४ मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे मर्यादेच्या वीसपट. मासा रात्रीतून जाऊ शकला असता आणि सगळे म्हणाले असते, वय झालं होतं.

निम्मं पाणी एकदम बदलणं. एकूण अमोनिया ४ वर आला असता, पण पीएच ७.५ च्या आसपास चढून विषारी भाग ०.०७ झाला असता. शिवाय क्षार आणि पीएच एकदम बदलल्याचा धक्का वेगळाच.

रोज थोडं थोडं. १५ टक्के, म्हणजे ११ लिटर. हाच पर्याय घेतला.

नळाच्या पाण्यातच केएच ७ असल्यामुळे सोडा घालायची गरजच नव्हती. रोजच्या बदलानेच केएच सावकाश चढणार होता. क्लोरीन घालवायला हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे: १ ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवली आणि दर लिटर पाण्याला १ मिली द्रावण घातलं. ११ लिटरच्या बादलीला ११ मिली, ढवळून पाच मिनिटं, मग टाकीत. नवं पाणी बादलीतून ओतायचं नाही. एअर पंपाच्या बारीक नळीने अर्ध्या तासात सोडायचं.

त्याच दिवशी खाणं पूर्ण बंद केलं. निरोगी मोठा गोल्डफिश आठवडाभर सहज उपाशी राहतो, आणि टाकीत न टाकलेलं अन्न अमोनिया करत नाही. दुसरा एअर स्टोन लावला. निळं औषध काढायला फिल्टरजवळ जाळीच्या पिशवीत १०० ग्रॅम अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पीएच ६.८ आणि एकूण अमोनिया अजून ६ च्या घरात, म्हणजे विषारी भाग बरोबर ०.०२ वर. इथून पुढे अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर रोजच्या बदलाबरोबर सुरू केलं. त्याचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून तो पाणी बदलण्याला पर्याय नाही. पीएच चढतानाचे अवघड आठ-दहा दिवस निभावण्यापुरता त्याचा उपयोग. बाराव्या दिवशी पीएच ७.४, केएच ५, अमोनिया अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत.

खडीचा गाळ

खडीखालच्या प्लेटमध्ये अकरा वर्षांचा गाळ होता. तो एकदम उपसला तर कुजका वायू आणि अमोनिया एका झटक्यात पाण्यात येतो, आणि खडीतले जिवंत जीवाणूही जातात. म्हणून पहिल्या आठवड्यात खडीला हातच लावला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून, पाणी बदलतानाच, सायफनने दर आठवड्याला एक तृतीयांश भाग. आधीच एक मोठा स्पंज फिल्टर बाजूला सुरू करून ठेवला होता. महिन्याभराने प्लेट काढून टाकली आणि खडी फक्त एक सेंमी उरवली.

जीवाणू पुन्हा उभे राहताना नायट्राइट, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होतानाचा मधला विषारी टप्पा, वाढतोच. तिसऱ्या आठवड्यात तो १ ते २ मिलिग्रॅम झाला. कल्ल्यांतून नायट्राइट आत जायला क्लोराइड अडवतं, म्हणून लिटरला १ ग्रॅम, म्हणजे एकूण ७५ ग्रॅम खडे मीठ तीन दिवसांत तीन हप्त्यांनी, आधी विरघळवून घातलं. पुढे जेवढं पाणी बदललं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घातलं, आटलेल्या पाण्यासाठी नाही, कारण मीठ आटत नाही. सहाव्या आठवड्यात नायट्राइट शून्य.

याच काळात आजोबा एकदा घाबरले: परांच्या कडा आणि पोटाजवळ काळे डाग उठले होते. हा नवा आजार नसतो. अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना तिथे काळं रंगद्रव्य साठतं. काही आठवड्यांत डाग फिके झाले. औषध काहीच नाही, आणि नेमक्या अशाच वेळी लोक औषध ओततात.

काय सुधारलं, काय नाही

पाणी ताळ्यावर आल्यावर मासा तळाशी बसायचा थांबला, पर उघडले, भूक परत आली. उजवा डोळा स्वच्छ झाला. डावा नाही. नीट पाहिल्यावर कारण कळलं: उजव्या डोळ्याची धुरकट छटा बाहेरच्या पडद्यावर होती, आम्ल पाण्याने आलेली. डाव्या डोळ्यात पांढरेपणा आत भिंगात होता, म्हणजे मोतीबिंदू. तो जात नाही. मासा वासावर अन्न शोधतो, त्यामुळे रोज एकाच कोपऱ्यात खायला देणं एवढं पुरेसं ठरलं.

तरंगणं मात्र वाढलं. अशक्तपणा गेला म्हणून मासा हलू लागला, आणि हलू लागल्यावर दिसलं की त्याला खाली जायला जोर लावावा लागतो.

दुसरा निर्णय: मटार की एक्स-रे

गोल्डफिशला जठर नसतं. अन्न थेट आतड्यात जातं. त्याच्या वाताशयाला, म्हणजे तरंगण्याचा तोल सांभाळणाऱ्या हवेच्या पिशवीला, अन्ननलिकेशी जोडणारी नळी असते, त्यामुळे तरंगतं खाद्य गिळताना गिळलेली हवा उपद्रव करू शकते. यावरचा घरगुती उपाय सगळ्यांना पाठ असतो: दोन दिवस उपास, मग साल काढलेला उकडलेला मटार. बद्धकोष्ठ असेल तर तो लागू पडतो. तेही करून पाहिलं, कारण त्याने नुकसान नव्हतं. विष्ठा व्यवस्थित झाली. तरंगणं जराही कमी झालं नाही. इथेच मटार थांबवायला हवा होता, पण आजोबांनी तो आणखी तीन आठवडे चालू ठेवला. एकट्या मटारावर मासा वाळतो.

माशांवर उपचार करणारे पशुवैद्य पुण्यातही मोजकेच, पण एक्स-रेसाठी कुत्र्या-मांजरांचं डिजिटल मशीन पुरतं. आदल्या दिवशी उपास. टाकीच्याच पाण्याच्या झाकणाच्या बादलीत, बॅटरीवरच्या एअर पंपासह प्रवास. क्लिनिकमध्ये मासा थोडंसं पाणी असलेल्या झिप पिशवीत आडवा, दोन फोटो, मिनिटाच्या आत परत बादलीत.

आतड्यात हवा नव्हती. वाताशयाचा मागचा कप्पा फुगून वर सरकलेला होता, आणि पाठीचा कणा किंचित वाकलेला. आखूड, गोल शरीराच्या जातींत आतल्या अवयवांना आधीच जागा कमी असते आणि वय वाढलं की असे बिघाड दिसतात. डॉक्टरांनी प्रतिजैविकाच्या इंजेक्शनचा पर्याय मांडला, पण जंतुसंसर्गाची काहीच खूण नव्हती. सुईने हवा काढली तर काही दिवसांत परत भरते आणि प्रत्येक वेळी संसर्गाचा धोका. कुटुंबाने दोन्ही नाकारलं. आमच्या मते बरोबर केलं.

मग राहिली ती सोय. पाण्याची उंची ३० वरून २२ सेंमी, म्हणजे तळापर्यंतचं अंतर कमी. पाणी कमी झालं तशी मिठाची आणि पाणी बदलण्याची मापं नव्याने काढली. फिल्टरचा प्रवाह मंद. तरंगतं खाद्य कायमचं बंद, त्याऐवजी घरी केलेली जेली: २०० मिली पाण्यात ४ ग्रॅम चायना ग्रासची पूड उकळायची, हाताला सोसेल इतपत कोमट झाल्यावर २० ग्रॅम बुडणाऱ्या गोळ्यांची पूड आणि ३० ग्रॅम मटाराचा लगदा मिसळायचा, ताटात ओतून चौकोन कापायचे, फ्रीझरमध्ये तीन आठवडे टिकते. गरम असतानाच पूड घातली तर जीवनसत्त्वं जातात. नखाएवढे तुकडे दिवसातून तीनदा, चिमट्याने पाण्याखाली धरून. हे काम आजींनी घेतलं, आणि महिन्याभरात मासा चिमटा दिसताच कोपऱ्यात येऊ लागला.

उन्हाळा

एप्रिलमध्ये टाकी ३१ अंशांवर गेली. ३० अंशांना समुद्रसपाटीवर पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. पुणे ५६० मीटर उंचीवर, म्हणून इथे तो ७ च्या जवळ. म्हाताऱ्या माशाला हा फरक जाणवतो. झाकण काढून जाळी लावली आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडला. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याने पाणी अडीच-तीन अंशांनी उतरतं. जूनमध्ये हवा दमट झाली की हा उपाय लंगडा पडतो. बर्फाच्या पिशव्या टाळल्या, कारण त्यांनी तापमान दिवसात चारदा खालीवर होतं. वीज जाते म्हणून बॅटरीवरचा पंप कायम तयार.

फॅनमुळे रोज दोन लिटर पाणी आटू लागलं. इथे आरओच्या पाण्याला अखेर योग्य जागा मिळाली: आटलेलं पाणी आरओने भरायचं, कारण क्षार टाकीतच राहतात, पण आठवड्याचा बदल नळाच्याच पाण्याने. आजींना हा फरक पटायला वेळ लागला. “शुद्ध पाणी वाईट कसं?” हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. शेवटी त्यांनीच दोन कपांत दोन्ही पाण्यांचा केएच मोजला आणि विषय मिटला.

शेवट

मासा पावसाळा आणि दिवाळी पार करून गेला. जानेवारीच्या थंडीत, पाणी १६ अंशांवर असताना, त्याचं पोट फुगलं आणि खवले सीताफळाच्या डोळ्यांसारखे उभे राहिले. पाण्याचे सगळे आकडे ठीक होते. खवले असे उभे राहणं म्हणजे शरीरातलं पाणी बाहेर टाकणारी यंत्रणा, मुख्यतः मूत्रपिंड, कोलमडल्याची खूण. या टप्प्यावरून गोल्डफिश क्वचितच परततो.

आजोबांशी बोलून आधीच तीन खुणा ठरवल्या होत्या: दोन दिवस खाणं नाकारणं, चिमटा दाखवूनही न हलणं, कल्ल्यांची सतत धाप. डॉक्टरांनी सुचवलेला पाच दिवसांचा उपचार आणि हीटरने २३ अंश तापमान, एवढं केलं. पाचव्या दिवशी तिन्ही खुणा हजर होत्या. डॉक्टरांनी घरी येऊन लवंगतेलाने दोन टप्प्यांत, आधी हलकी गुंगी आणि मग मोठी मात्रा देऊन, त्याला शांत केलं. हे काम घरी अंदाजाने करू नये: लवंगतेल पाण्यावर तरंगतं, आधी नीट घुसळलं नाही तर गुंगी येण्याआधी माशाला त्रासच होतो. फ्रीझरमध्ये ठेवणं किंवा कमोडमध्ये सोडणं हे तर क्रूरच.

त्याच तासात शवविच्छेदन झालं. मूत्रपिंड दुपटीने मोठं आणि गाठाळलेलं होतं. या वेळी खरोखरच शरीर थकलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी औषधाआधी किट आणलं असतं, तर निळ्या थेंबांचे चार दिवस वाचले असते आणि नायट्राइटचा चढ बहुधा इतका लांबला नसता. ओळखीच्या निरोगी टाकीतला मुरलेला, जीवाणू वसलेला फिल्टरचा स्पंज मिळत होता. परजीवी येतील या भीतीने तो नाकारला. ज्या टाकीत वर्षभरात नवा मासा आलेला नाही अशा टाकीतला स्पंज घेतला असता, तर सहा आठवड्यांचं काम तीनात झालं असतं. हा निर्णय आज उलटा घेऊ.

एक्स-रे मटारानंतर लगेच व्हायला हवा होता. खर्चाच्या भीतीने तो पुढे ढकलला गेला.

हीटर नोव्हेंबरातच लावायला हवा होता. पुण्यात दिवाळीनंतर रात्री पारा दहा-बाराच्या घरात जातो, आणि टाकी १६-१७ अंशांवर येते. तरुण गोल्डफिशला ते चालतं. मूत्रपिंड आधीच बिघडत असलेल्या माशाला २० अंशांवर स्थिर ठेवलं असतं तर काही आठवडे किंवा महिने मिळाले असते का, हे मूत्रपिंडाची अवस्था पाहता ठामपणे म्हणता येत नाही. पण ७५ लिटरला १०० वॉटचा हीटर पुरतो, आणि तो न लावण्याचं काही कारण नव्हतं.

आरओची सवय लागली तेव्हा घरात कोणीच चूक केली नव्हती. गढूळ पाणी दिसलं आणि त्यांनी स्वच्छ पाणी दिलं. अशा वेळी नळाचं पाणी बादलीत रात्रभर स्थिर ठेवून, वरचं निवळ पाणी हायपो घालून वापरणं हा मार्ग होता. गढूळपणा जास्तच असेल तर आठवडाभर पाणी न बदलता खाणं निम्मं करणं हा दुसरा.

टाकी अजून तिथेच आहे, रिकामी पण चालू. फिल्टरमधले जीवाणू जिवंत राहावेत म्हणून आजोबा रोज चिमूटभर खाद्य टाकतात आणि रविवारी केएच मोजतात. खडीचा शेवटचा सेंमी काढायचा की ठेवायचा, यावर घरात एकमत झालेलं नाही.